फोरमनसमोर घातलेलं गाऱ्हाणं

परवा इथे आखातात, महबूलाच्या साइटवर सकाळीच धुळीचा वारा सुटला. वर स्कॅफोल्डिंगच्या फळ्या थडथड उडत होत्या... आणि फोरमन म्हणतो, चढा!

आम्ही कोकणातले आठ जण खाली रांगेत उभे. कोणी हलेना.

मग त्याने लोखंडी पाइप उचलला आणि खांबावर ठोकायला लागला. ठण्ण... ठण्ण... "जो नहीं चढ़ेगा, उसका टिकट कटेगा! कौन है, आगे आओ!"

मी आठवी नापास माणूस. पण मोबाइलवर जुन्या काळातल्या लढायांचे व्हिडिओ खूप बघतो. तेव्हाचे सैनिक असेच ढालीवर भाले आपटायचे. आधी समोरच्याचं काळीज मारायचं, माणूस नंतर. रांगेतला एक मागे सरकला की शेजाऱ्याचा धीर सुटतो, मग सगळेच पळतात... आणि पळणारेच जास्त मरतात.

एवढं माहीत असून माझा पाय मागे गेलाच. गावी घराची कौलं उतरवून ठेवलीत, पावसाआधी नवं छप्पर घालायचंय... आता घरी पाठवलं तर?

शेजारी कुडाळचे तात्या. त्यांचा खांदा माझ्या खांद्याला घट्ट लागला. "खंय चललंस रे?"

मग तात्यांनी हेल्मेट काढलं, हात जोडले आणि जत्रेत देवापुढे घालतात तसं खणखणीत गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! ह्यो फोरमन आमका वाऱ्यात वर चढवूक बघता, तर आधी तेकाच चढव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे.

"तेच्या मनात काय वाकडा-तिकडा इला असात, ता ह्या धुळीत उडवून टाक रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता बाजूचे बिहारी, तमिळ वेल्डरपण ओरडले. अर्थ कोणाला ठाऊक होता!

ठणठणाट थांबला. "क्या बोल रहे हो तुम लोग?"

"पूजा है साब," तात्या शांतपणे म्हणाले. "आपके लिए."

फोरमन अर्धं पाऊल मागे सरकला. मी नीट बघितलं... अर्धंच, पण मागे! "ठीक है. हवा रुकने तक नीचे का काम करो."

उद्या कोणाचं तिकीट काढतील, माहीत नाही. काढू देत. पण त्या वाऱ्यात आमच्यातला एकही वर गेला नाही, हे कोणी पुसू शकणार नाही.

तुम्हीही कुठे कोणाच्या ठणठणाटापुढे उभे असाल, तर तुमच्यासाठी पण घालतो... बा देवा म्हाराजा, ह्यांची रांग तुटू देऊ नको रे म्हाराजा!

पुढचं तुम्ही म्हणा... जोरात.