गोल्फ न खेळणारे आमचे सल्लागार

सबंध बहरीनमध्ये, आणि हवं तर पुलापलीकडचा सौदीही त्यात धरा, काडीचा अधिकार हातात नसताना त्या अधिकाराचा गैरवापर होऊ नये म्हणून जिवाचा आटापिटा करणारा माणूस मी एकच पाहिला. बलदिया, म्हणजे इथली नगरपालिका, एक गोल्फचं मैदान चालवायची आणि त्या मैदानाच्या कारभारावर लक्ष ठेवायला रहिवाशांची एक सल्लागार समिती होती. समितीने सुचवायचं, बलदियाने मान डोलवायची आणि मग स्वतःला हवं ते करायचं, अशी रीत. आमचे हे गृहस्थ त्या समितीचे सभासद होते. त्याच मैदानावर माझं कँटीन होतं. होतं म्हणतोय, कारण आता नाही. ते गेलं ते माझा बहरीनमधला सगळ्यात जवळचा माणूस समितीत बसलेला असताना गेलं. हे माझं दुखणं आहे आणि ते मी लपवत नाही.

गोल्फशी त्यांचा संबंध एवढाच की फ्लॅटच्या गॅलरीतून मैदान दिसायचं. मूळचे नागपूरचे, एका बांधकाम कंपनीत कागदपत्रं सांभाळायच्या खात्यात नोकरीला. समितीत एक जागा न खेळणाऱ्या शेजाऱ्यासाठी ठेवली होती, तिच्यासाठी अर्ज यांचा एकट्याचाच आला. पण निवडीचा फोन आला त्या दिवसापासून त्यांचं चालणं बदललं. दर शुक्रवारी सकाळी कडक इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट आणि डोक्यावर काळी छत्री अशा थाटात ते मैदानाला फेरी मारायला निघायचे. एकदा चेंडू धाडकन छत्रीवर येऊन आदळला. लांबून गोरे, मल्याळी, बहरीनी सगळे हातवारे करून ओरडत होते, हे मात्र खांबासारखे उभे. मी कँटीनमधून धावत गेलो आणि म्हटलं, "साहेब, ओरडताहेत ते बाजूला व्हा म्हणून." छत्रीचं भोक निरखत ते म्हणाले, "ते समजलं ना मले. पण सार्वजनिक जागेवर नागरिकानं पळायचं असेल तर तसा फलक पाहिजे. फलक कुठं आहे?" पुढच्या बैठकीत त्यांनी फलकाची शिफारस केली आणि नवल म्हणजे बलदियाने तो खरोखर लावला. लोक बहरीनला आले की जुना किल्ला बघायला जातात. यांच्याकडे आलेला पाहुणा आधी फलक बघायचा.

मैदानाचा अर्धा भाग हिरवळीचा आणि अर्धा जुन्या पद्धतीचा, नुसत्या वाळूचा. वाळूच्या भागात होलभोवती तेल घालून दाबलेल्या वाळूचा एक गोल असतो, त्याला ब्राऊन म्हणतात. खेळून झालं की आपल्या पावलांच्या खुणा आपणच झाडूने पुसायच्या आणि मागून येणाऱ्याला सपाट ब्राऊन द्यायचा, हा तिथला जुना रिवाज. मोठमोठ्या बँकांचे साहेब तो सोयीस्करपणे विसरायचे. मग आमचे सल्लागार झाडू घेऊन त्यांच्यामागे जायचे, पण तक्रार करायला नव्हे. साहेबासमोर तो झाडू दोन्ही हातांनी, सत्कारात शाल द्यावी तसा, अदबीने धरायचे. एखाद्याने नाहीच घेतला तर स्वतः झाडायचे, तेही इतकं मन लावून की तो साहेब शरमेने परत यायचा. वहिनी हे गॅलरीतून बघायच्या. मला म्हणाल्या, "घरात झाडू कुठं ठेवतो तेसुद्धा माहीत नाही यांना."

घरीही त्यांची समिती उठत नसे. जेवताना ते कधी भाजी अळणी आहे असं म्हणायचे नाहीत. "मिठाबाबत फेरविचार व्हावा, अशी शिफारस आहे," असं म्हणायचे. वहिनी ताटात वाढता वाढता सांगायच्या, "शिफारस पोचली. जेवा आता." मुलगी इथल्या शाळेत वाढलेली, मराठी सगळं कळायचं पण उत्तर इंग्रजीत. ती म्हणायची, "पप्पा, यू आर ओन्ली अ‍ॅडव्हायजरी." यावर ते खूश व्हायचे. घरात एकीला तरी समितीची घटना पाठ आहे याचं त्यांना समाधान होतं.

नियमांचं हे वेड समितीमुळे लागलं असं मात्र नाही, ते आधीपासूनचं. सलमानियाच्या इस्पितळात माझं मूतखड्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा ओळख होऊन फार काळ लोटला नव्हता. तरी ते रोज भेटीच्या वेळेला, मिनिटाचा फरक न करता, मुगाची पातळ खिचडी घेऊन हजर. भेटीची वेळ संपली की वाक्य अर्धवट टाकून उठायचे. एकदा त्यांच्या गावच्या कुणा मास्तरची गोष्ट रंगात आली होती. मास्तर विहिरीत डोकावले आणि, एवढं बोलून हे उठले आणि गेले. शेजारच्या खाटेवरचा सोलापूरचा ड्रायव्हर रात्रभर तळमळत होता. दुसऱ्या दिवशी दारातून आत येता येताच त्यांनी पुढचं वाक्य सुरू केलं, "आणि खाली त्यांचीच सायकल." मी पोट धरून हसलो, टाके ओढले गेले आणि नर्सने त्यांना बाहेर काढलं. त्यांनी तिचे आभार मानले.

मी संगमेश्वरकडचा. लेबर कँपच्या मेसमध्ये भांडी घासत इथे सुरुवात केली. मनामाच्या सूकमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात, कांद्याच्या पोत्यावरून व्यापाऱ्याला घाम फोडणारा माणूस मी, डोकं तापलं तर समोर कोण आहे ते बघत नाही. मैदानाच्या कडेला एक पत्र्याची शेड मोडून पडली होती, ती बलदियाकडून मागून घेतली आणि तिचं कँटीन केलं. करक, म्हणजे दुधात कडक उकळलेला इथला चहा, वडापाव, अंडा-पराठा. अमवाज बेटावरच्या बंगल्यांतून गाड्या घेऊन येणारे लोकही आधी माझ्याकडे चहा प्यायचे आणि मग चेंडूला हात लावायचे. आमच्या या साहेबांनी तर वर्षानुवर्षं माझा चहा प्यायला. समितीत गेले आणि तो बंद झाला. मी कप पुढे केला तर म्हणाले, "भाऊ, तुम्ही मैदानावरचे कंत्राटदार आणि मी मैदानावर लक्ष ठेवणारा. आता मी तुमचा चहा नाही पिऊ शकत." मला वाटलं चार दिवसांचं खूळ आहे. पण ते घरून थर्मास आणायला लागले. माझ्या दारासमोरचा बाक बलदियाचा होता, माझा नव्हता, याची खात्री करून घेऊन त्यावर बसायचे आणि माझ्या डोळ्यांदेखत वहिनींच्या हातचा कोमट चहा प्यायचे. वर मलाच विचारायचे, "घेता का घोटभर? मी कंत्राटदार नाही, तुम्हाले चालते." मी घ्यायचो. वाईट असायचा तो चहा. पण बाकावर बसून आम्ही गावाकडच्या, पोरांच्या, व्हिसाच्या गप्पा मारायचो आणि गिऱ्हाईक काउंटरवर ताटकळत उभं राहायचं.

मग एक दिवस बातमी आली की कॉफीच्या एका मोठ्या साखळीला मैदानावर दुकान हवं आहे आणि माझी मुदत संपत आली आहे. काय करायचं ते बलदियाने समितीला विचारलं. बलदिया सहसा समितीचं ऐकत नसे, पण या वेळी तिथल्या साहेबाने मला स्पष्ट सांगितलं की समितीने तुझं नाव सुचवलं तर तुला ठेवतो. मी सभासदांचा अंदाज घेत फिरलो. निम्मे माझ्या बाजूचे, निम्मे कॉफीवाल्यांच्या बाजूचे. आमच्या साहेबांचा हात वर झाला की मी तरलो.

मी बाकावर जाऊन बसलो आणि म्हटलं, "साहेब, तुमच्यावर आहे सगळं."

"या विषयावर आपण नाही बोलायचं, भाऊ."

"सल्लाच आहे ना नुसता? काही सुप्रीम कोर्ट नाही ते."

"म्हणूनच तर. कोर्टाजवळ पोलीस असते. आमच्याजवळ काय आहे?"

"आणि माझ्याजवळ काय आहे? ते तर सांगा."

त्यांनी थर्मासचं झाकण घट्ट लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. मला वाटलं माणूस विरघळला. सूकमध्ये व्यापारी असा घुटमळायला लागला की सौदा पटला म्हणून समजावं, असा माझा आयुष्यभराचा अनुभव. मी खुशीत उठलो.

बैठकीला कुणालाही येऊन मागे बसता यायचं. मी नवा शर्ट घालून शेवटच्या रांगेत बसलो. अध्यक्ष होते एक वयस्कर बहरीनी गृहस्थ, निवृत्त शिक्षक, माझ्या करकचे भक्त. कँटीनचा विषय पुकारला आणि आमचे साहेब उभे राहिले. इंग्रजीत म्हणाले, या विषयात मला बसता येणार नाही, कँटीनचे मालक माझे जवळचे आहेत. अध्यक्षांनी विचारलं, नातेवाईक का? नाही. भागीदार? नाही. एकाच गावचे? नाही, रेल्वेने जायचं तरी दिवस मोडतो. कुणीतरी हसलं. अध्यक्ष मायेने म्हणाले, मग मित्र म्हणा ना, मित्र तर इथे सगळेच आहेत, बसा खाली.

ते बसले नाहीत. म्हणाले, "माझे वडील गेले तेव्हा मला पोचता आलं नाही. तिकडे सगळं उरकत होतं आणि मी इकडे या माणसाच्या स्वयंपाकघरात कांद्याच्या पोत्यावर बसलो होतो. तो एक शब्द बोलला नाही. माझ्यापुढे लसणाची पाटी ठेवली आणि स्वतः शेजारी बसून सोलायला लागला. संध्याकाळपर्यंत आम्ही लसूण सोलला. त्या माणसाबद्दल मी निःपक्षपाती राहू शकत नाही." मग खुर्ची आवाज न करता आत सरकवली आणि बाहेर जाऊन दार हलकेच ओढून घेतलं.

मी तो दिवस विसरूनसुद्धा गेलो होतो. मला सांत्वन करता येत नाही आणि दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी पार्टीची ऑर्डर होती, म्हणून लसूण पुढे ठेवला होता.

हात वर झाले. निम्मे इकडे, निम्मे तिकडे. बरोबरी झाली तर शिफारस करायची नाही, असा समितीचा नियम. तो नियमसुद्धा यांनीच सुचवून घेतलेला. शिफारस गेली नाही आणि महिन्याभरात बलदियाने जागा कॉफीवाल्यांना दिली.

बैठक सुटल्यावर मी त्यांना गाड्यांच्या तळावर गाठलं. आतलं बोलणं कानावर पडू नये म्हणून ते इतक्या लांब उन्हात जाऊन उभे होते. मी मराठी, हिंदी, अरबी, जे तोंडात येईल त्यात बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बाहेर काहून गेलो, हेच विचारता ना?" ते म्हणाले. "आत राहिलो असतो तर हात तुमच्याच बाजूनं वर झाला असता."

"मग करायचा होता."

"कँटीन चांगलं म्हणून झाला असता की तुम्ही माझे म्हणून झाला असता, हे मले समजलं नसतं."

"समजून काय करायचं होतं, साहेब? कँटीन चांगलं नव्हतं का?"

"होतं ना. मैदानावर तेवढंच तर चांगलं होतं."

"मग हे आत बोलायचं."

त्यांनी छत्री उघडली आणि माझ्या डोक्यावर धरली. मी ती बाजूला सारून गाडीत बसलो.

आता मी मनामात सूकच्या मागच्या गल्लीत एक छोटं हॉटेल चालवतो. चालतं बऱ्यापैकी, मफी मुश्किल, काही अडचण नाही. पण तिथून हिरवळ दिसत नाही, समोरच्या दुकानाचं शटर दिसतं. मैदानावर काचेचं दुकान झालं, तिथे लोक कानात वायरी घालून एकटे बसतात. पुढे साहेबांचं वय झालं, कंपनीने व्हिसा वाढवला नाही आणि ते नागपूरला परतले. समितीतली ती न खेळणाऱ्या शेजाऱ्याची जागा रिकामी आहे असं ऐकतो. ब्राऊनवर पावलांच्या खुणा तशाच राहतात म्हणे, आणि हे मला सांगणाराही तक्रारीच्या सुरात सांगत नाही.

शुक्रवारी दुपारी हॉटेल बंद ठेवून मी आडवा होतो, तेव्हा त्यांचा फोन येतो. जय भीम भाऊ, म्हणतात. मी नमस्कार म्हणतो. हवापाणी होतं, मुलीच्या नोकरीचं होतं, त्यांच्या सोसायटीच्या टाकीला गळती लागली आहे आणि कुणी ऐकत नाही हे होतं. मग ते विचारतात, "राग गेला का?"

मी म्हणतो, "नाही."

"बरं," ते म्हणतात. "मग पुढच्या शुक्रवारी विचारतो."

हा माणूस कामाशिवाय कुणाला फोन करत नाही, हे मला ठाऊक आहे. विषय निकाली निघाला की तो पुन्हा कधी काढायचा नाही, ही त्यांची जन्माची सवय. म्हणून मी अजून हो म्हटलेलं नाही. गेल्या शुक्रवारी दुपार उलटली तरी फोन वाजला नाही. हॉटेल उघडायची वेळ झाली, पोरं शटरशी येऊन उभी राहिली, तरी मी चावी हातात घेऊन आतच बसून होतो. मग वाजला. म्हणाले, तिकडे लाइट गेली होती. मी म्हटलं, "साहेब, आधी विचारा काय ते, मला उशीर होतोय." त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं आणि शटर वर केलं.