मामांची गाडी सहाव्यात जात नाही

खालच्या मजल्यावर राहणारे आमचे घरमालक तंजावूरकडचे मराठी. त्यांचे पूर्वज ज्या काळात दक्षिणेत उतरले त्या काळातली मराठी त्यांनी जपून ठेवली आहे आणि तिच्यात तमिळचं फोडणीपाणी केलं आहे. चेन्नईत वडीलधाऱ्या पुरुषाला मामा म्हणतात, म्हणून आम्हीही त्यांना मामा म्हणतो. ते मला तंबी म्हणतात, म्हणजे धाकटा भाऊ. मामाचा भाऊ मी कसा, हा हिशेब इथे कोणी करत नाही.

डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर मामांनी गाडी चालवणं सोडलं आणि त्यांची डिझेल ऑटोमॅटिक मला विकली. विकली हा शब्द त्यांना आवडला नाही. "दिली म्हणा," ते म्हणाले. चांगला दिवस पाहिला गेला. चारही चाकांखाली लिंबं ठेवली गेली. मामांनी जरीकाठी उपरणं घेतलं, गाडीला हळदकुंकू लावलं, आणि मुलगी सासरी पाठवताना करावा तसा उपदेश केला. "तंबी, हीस मी लेकरासारखें वाढविलें. धांवडवूं नका. उन्हांत उभी करूं नका." मी आणि बायकोने वाकून नमस्कार केला. गाडी घेताना विक्रेत्याच्या पाया पडलेला माझ्या ओळखीत मी एकटाच.

मी चेन्नईबाहेर, ओरगडमच्या एका ट्रकच्या कारखान्यात काम करतो. तिथे काय करतोस असं गावाकडे विचारलं की मी "ट्रक" एवढंच सांगतो. खरं म्हणजे मी ट्रकसोबत मिळणारी माहितीपुस्तकं लिहितो. प्रत्येक भागाचं नाव मला ठाऊक आहे, आणि एकही भाग मी हातात धरलेला नाही. माझ्या कारकिर्दीत सर्वांत जास्त वेळा लिहिलेलं वाक्य म्हणजे 'अधिकृत सेवा केंद्राशी संपर्क साधावा'.

पहिल्या महिन्यातच दोन गोष्टी लक्षात आल्या. एक, गाडी डिझेल पीत नव्हती, ढोसत होती. लिटरला पंधरा-सोळा किलोमीटर जायला हवं तिथे ती नऊवर हाशहुश करायची. दोन, गिअरबॉक्स. गाडीला सहा गिअर होते. ओरगडमच्या रस्त्यावर गाड्या सुसाट जातात तिथेसुद्धा ही पाचव्यावरच अडून राहायची. समोरच्या छोट्या पडद्यावर पाचचा आकडा आणि इंजिनाचा रडका सूर. सहावा गिअर आहे हे मला फक्त कागदोपत्री माहीत होतं.

"मामांनी फसवलं," मी घरी म्हटलं.

"काहीतरीच," बायको म्हणाली. "जरीचं उपरणं घेऊन चावी देणारा माणूस फसवेल का?"

"साध्या उपरण्यात फसवणारा मी अजून पाहिलेला नाही."

ती हसली नाही. चेन्नईत आल्यापासून माझ्याखेरीज तिच्याशी मराठीत बोलतात ते मामा आणि मामीच. त्यांच्याकडे ती रोज संध्याकाळी कॉफीला जाते. "गिअरबॉक्स खराब आहे हे त्यांना माहीत असूनसुद्धा त्यांनी आपल्याला नमस्कार करू दिला असेल," ती म्हणाली, "तर मी या घरात राहणार नाही. आणि तसं नसेल तर तुझा हा चेहरा मला पुन्हा बघायचा नाही. एकदा काय ते शोधून काढ. पण मामांना कळता कामा नये."

असा तो प्रश्न होता. गाडीचा कमी, मामांचा जास्त.

रविवारी मी दोन मित्रांना बोलावलं. एक पुण्याचा; तो ओरगडमला गिअरबॉक्सच्या कारखान्यात आहे. दुसरा कोल्हापूरचा, तो श्रीपेरुंबुदूरला, डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या कारखान्यात. दोघांनी गाडी एक चक्कर फिरवून आणली, पोहे खाल्ले आणि ताबडतोब एकमेकांवर आरोप केले.

"इंजेक्टर गळतोय," गिअरबॉक्सवाला म्हणाला. "स्पष्ट आहे."

"सहावा गिअर इंजेक्टर टाकतो काय रे?" इंजेक्टरवाल्याने विचारलं. "गिअरबॉक्स गेलाय. अंत्ययात्रेची तयारी करा."

"आमच्याकडून बाहेर पडणारा गिअरबॉक्स ओके असतो."

"हा तुमच्याकडचा नाहीच की."

"कोणाचाही असो. गिअरबॉक्स ही वस्तूच ओके असते."

वाहन उद्योगात ही शिस्त फार कडक आहे. तक्रार आली की पहिलं काम म्हणजे ती शेजारच्या भागाची आहे हे सिद्ध करणं. यासाठी दोघांकडे प्रशिक्षण होतं, प्रमाणपत्रं होती आणि एक आकृतीही होती. ही आकृती माशाच्या सांगाड्यासारखी काढतात. डोक्याशी तक्रार लिहायची आणि एकेका काट्यावर एकेक संभाव्य कारण. त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर जेवणाच्या टेबलाएवढा मासा काढला. गिअरबॉक्सवाला इंजेक्टरच्या काट्यावर लिहीत होता, इंजेक्टरवाला गिअरबॉक्सच्या. मासा दोन्ही बाजूंनी पुष्ट होत चालला होता.

तेवढ्यात ताटलीत मुरुक्कू, म्हणजे इकडच्या चकल्या, घेऊन मामा वर आले. दार उघडंच होतं.

"हें काय?" ते टेबलाकडे बघून थबकले. "मीन?"

मीन म्हणजे मासा. घर भाड्याने देताना मामांची एकच अट होती, आणि ती नेमकी याविषयी होती.

"ऑफिसचं काम आहे, मामा," बायको म्हणाली. मी डोक्याशी लिहिलेल्या 'मामांची गाडी' या शब्दांवर पोह्यांची बशी सरकवली.

"ऑफिसांत मीन काढवितात?"

"फक्त काटे, मामा," इंजेक्टरवाला म्हणाला. "मांस नाही."

मामांनी थोडा विचार केला. "तरी गुंडाळून ठेवा," ते म्हणाले आणि मुरुक्कू आमच्या हाती देऊन गेले. त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघताना बायकोच्या डोळ्यांत असं काही होतं की दोघा मित्रांनी लगेच चपला घातल्या.

मग मी माझंच वाक्य पाळलं आणि अधिकृत सेवा केंद्राशी संपर्क साधला. तिथे काचेच्या खोलीत बसवतात, जिथून आपली गाडी दिसते पण ऐकू येत नाही. आयसीयूचीही रचना अशीच असते. टाय लावलेला सल्लागार टॅबलेट छातीशी धरून आला. त्याने मला 'आमच्या परिवाराचे सदस्य' म्हटलं आणि गाडीला संगणक जोडला. संगणकाला एकही दोष सापडला नाही.

"म्हणजे गाडी ठीक आहे?" मी विचारलं.

"नाही सर. संगणकाला दिसत नाही म्हणजे दोष खूप आतला आहे. पूर्ण गिअरबॉक्स उघडावा लागेल."

"दिसला असता तर?"

"तरी उघडावाच लागला असता सर."

या उत्तरात एक शास्त्रीय सौंदर्य होतं, पण मी गाडी घेऊन परत आलो. घरी सांगितलं, गिअरबॉक्स. त्या संध्याकाळी बायको कॉफीला गेली नाही, डोकं दुखतंय म्हणाली. मामांनी डोक्याला लावायला बाम पाठवला. तो टेबलावर तसाच राहिला.

त्यानंतरच्या शनिवार-रविवारी यलगिरीच्या डोंगरावर जायचं आधीच ठरलं होतं. मी रेल्वेने जाऊ म्हणालो. बायको म्हणाली, गाडीनेच जाऊ, मीच चालवते, मोडली तर डोंगरावर मोडू दे. बंगळूरच्या हायवेवर गाडी पाचव्यात रडत राहिली आणि आम्ही न बोलता इडल्या खाल्ल्या. मग घाट सुरू झाला. वळणांवर वळणं घेत आम्ही चढलो आणि वरच्या सपाटीला लागल्यावर बायको एकदम म्हणाली, "सहा."

"काय सहा?"

"गिअर. सहावा पडला."

पडद्यावर सहाचा आकडा होता. इंजिनाचा आवाज इतका खाली आला होता की मला वाटलं ते बंद पडलं. दोघं काही वेळ श्वास रोखून बसलो, जणू आमच्या बोलण्याने तो आकडा पळून जाईल.

उतरताना बायकोने गाडी हळूहळू आणली, आणि हायवेला लागल्यावर पुन्हा पाच. तिने गाडी कडेला घेतली आणि समोरच्या तबकड्या बघत बसली.

"वर हा काटा मध्यावर होता," ती म्हणाली. "आत्ता खाली गेलाय. रोज खालीच असतो ना?"

तो इंजिनाच्या तापमानाचा काटा होता. मी रोज तो खाली बघायचो आणि मनातल्या मनात म्हणायचो, चला, निदान ही एक गोष्ट तरी ठीक आहे.

मी तिथूनच गिअरबॉक्सवाल्याला फोन लावला. सगळं ऐकून तो म्हणाला, "इंजिन तापतच नाहीये. थंड इंजिन जास्त डिझेल खातं. आणि इंजिन पुरेसं गरम झाल्याशिवाय गिअरबॉक्स सहावा देत नाही, तसं त्याला शिकवलेलंच असतं. घाटात जोर लागला, तापलं, दिला त्याने. थर्मोस्टॅट गेलाय तुझा." थर्मोस्टॅट ही एक छोटी झडप. इंजिन गरम होईपर्यंत ती पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही. "म्हणजे गिअरबॉक्स ओके," त्याने समाधानाने जोडलं. इंजेक्टरवाल्यालाही फोन केला. तो म्हणाला, "बघ, इंजेक्टर ओके." दोघांचं प्रथमच एकमत झालं, कारण दोष तिसऱ्याच कारखान्याच्या भागाचा निघाला.

सोमवारी टी. नगरमधल्या एका साध्या गॅरेजमध्ये झडपेचं झाकण उघडलं. मेकॅनिक आत बघून म्हणाला, "ओण्णुम इल्ले, सार." आत काहीच नव्हतं. झडप बिघडलेली नव्हती. कोणीतरी ती काढूनच टाकली होती. 'कोणत्याही हवामानात थर्मोस्टॅट काढू नये' हे वाक्य मी निदान चार माहितीपुस्तकांत लिहिलं आहे. ती पुस्तकं कोणी वाचत नाही याचा यापेक्षा भक्कम पुरावा नको, कारण ते वाक्य लेखकालाही आठवलं नव्हतं.

नवी झडप बसवली. गाडी सुधारली, पण आमचा खरा प्रश्न आता अधिकच वाईट झाला होता. झीज आपोआप होते. काढून टाकायला माणूस लागतो. ते मामांना माहीत होतं का?

आम्ही दोघं खाली गेलो. मामांनी कॉफी दिली. मी आडवळणाने सुरुवात करणार होतो, पण बायकोने सरळ विचारलं, "मामा, गाडीतला थर्मोस्टॅट कोणी काढला?"

मामांचा चेहरा उजळला. "सांपडलें तुम्हांस? मीच काढविला."

"का?"

"तो बर्फाच्या देशासाठीं असतो. तेथें इंजन ऊन करावें लागतें. येथें चेन्नईंत? देवानेंच ऊन करून ठेविलें आहे, आणीक काय करावयाचें? घेतली त्याच आठवड्यांत काढविला. तेव्हांपासून काटा वर आला नाहीं. इंजन नारळाच्या पाण्यासारखें थंड."

"पण आम्हाला सांगितलं नाहीत," मी म्हणालो.

मामा जरा ओशाळले. "आपण केलेलें चांगलें आपणच कसें सांगावें, तंबी?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. माझ्या ठेवणीतल्या सगळ्या शंका त्या एका नजरेत निकालात निघाल्या. तिने कपातली कॉफी संपवली आणि आणखी मागितली.

इथेच थांबायला हवं होतं. पण खूश होऊन मी म्हणालो, "चला मामा, एक चक्कर मारू. सहावा गिअर दाखवतो."

"सहावा आहे?" मामा म्हणाले. त्यांच्या ताब्यात गाडीने कपालीश्वराचं देऊळ, बँक आणि भाजीबाजार यापलीकडे फारसं जग पाहिलं नव्हतं.

विमानतळाच्या पुढे रस्ता मोकळा झाला. मामा पुढच्या सीटवर हात मांडीवर ठेवून बसले होते. मी पडद्याकडे बोट दाखवलं. सहा. मामांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते काट्याकडे बघत होते. तो मध्यावर येऊन स्थिर झाला होता, अगदी माहितीपुस्तकातल्या चित्रासारखा.

"तंबी, निलपाटा." थांबवा.

"काय झालं?"

"काटा वर आला आहे. इंजन जळतें आहे."

"मामा, तो तिथेच असायला हवा."

"माझ्याजवळ एकदांही आला नाहीं." त्यांचा आवाज अगदी शांत होता, आणि त्यामुळे मला जास्त अपराधी वाटलं. "इतकीं वर्षें नाहीं. तुमच्याजवळ तीन महिन्यांत आला."

मी गाडी कडेला घेतली. मी झडप समजावली, पाणी समजावलं, सहावा गिअर का पडतो ते समजावलं. कारखान्यात यासाठी मला पगार मिळतो. मामांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग खाली उतरले, बॉनेटवर तळहात ठेवला आणि झटकन मागे घेतला.

"चूक तुमची नाहीं," ते म्हणाले. "तुम्ही तरुण. थोडें धांवडविलें असेल. कार मला परत द्या. पैसे अस्के घ्या, एक रुपया कमी नको. मी पुन्हा थंड करवितों."

मागच्या सीटवर बायको तोंडावर पदर धरून खिडकीबाहेर बघत होती. तिचे खांदे हलत होते.

फसवणारा माणूस माल परत मागत नाही. आमचं घर शाबूत होतं, कॉफीही शाबूत होती. मी गाडी परत दिली नाही, आणि आता इमारतीत मामा नव्हे तर मी संशयित आहे. मामी दोनदा बायकोला म्हणाल्या की तुझा नवरा चांगला आहे, फक्त गाडीच्या बाबतीत अंमळ निष्ठुर. गाडी लिटरला पंधरा देते. सकाळी मी ती सुरू केली की व्हरांड्यातले मामा पेपर तोंडासमोर धरतात, आणि मी फाटकाबाहेर पडेपर्यंत खाली घेत नाहीत.