बसस्टँडवरची बांधी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, दुकानात रोज चहाला येणाऱ्या मित्रालाही नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं वाटलं नाही – किंवा वाटलं, म्हणूनच सांगितलं नाही. तुम्ही मला ओळखत नाही, तेव्हा तुमच्यापाशी बोलायला हरकत नाही.

लाखांदूरला बसस्टँडसमोर माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. काच बदलणं, चार्जिंगची पिन बदलणं, हे पोटापुरतं. जीव रमतो तो दुसऱ्याच कामात. कंपनीनं वाऱ्यावर सोडलेला जुना फोन घ्यायचा, त्याचं कुलूप उघडायचं, आतली सिस्टीम पुसायची आणि कुठल्यातरी हौशी माणसानं बनवून इंटरनेटवर ठेवलेली नवी सिस्टीम त्यात बसवायची. आमच्याकडे याला ‘सॉफ्टवेअर मारणं’ म्हणतात. कंपनीची परवानगी नसते, हमी नसते. पण चालत नव्हता तो फोन चालायला लागला की गिऱ्हाईक तुमच्याकडे जसं पाहतं ना – ते मला आवडायचं. आजही आवडतं. खोटं कशाला बोलू?

सगुणामावशी पलीकडच्या गावची. नवरा नाही, मुलगा बाहेरगावी, दीड एकर धानाची शेती स्वतः पाहते. मुलानं जुना फोन दिला, तर तो हातात धरायला घाबरण्याऐवजी ती एसटीनं माझ्याकडे यायची आणि एकेक गोष्ट विचारून घ्यायची. वहीत चित्रं काढायची – हिरवं बटण, लाल बटण. साठीची बाई, पण मला कंटाळा येईपर्यंत विचारायची.

त्या वर्षी पीक पाहणीचं ॲप नवीन आलं. शेतकऱ्यानं स्वतःच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, उभं राहायचं, पिकाचा फोटो काढायचा, जागेची नोंद फोन आपोआप करतो. मग ते पीक सातबाऱ्यावर चढतं. सातबाऱ्यावर धान नसेल तर सरकारी खरेदी केंद्रावर धान घेत नाहीत. मावशीच्या जुन्या फोनवर ते ॲप उतरेचना. लोक शेजारच्या पोरांकडून करून घेत होते. ती म्हणाली, “माह्या वावराची नोंद मीच करन.” मी फोन ठेवून घेतला आणि सॉफ्टवेअर मारलं.

आता इथं थांबतो जरा – कारण इथपर्यंत माझी काही चूक नव्हती, आणि इथून पुढे सगळी माझीच आहे.

त्या सिस्टीममध्ये एक खोट होती. नेटवर्क नसेल तिथं फोन जागा नव्यानं शोधायचा नाही, शेवटची सापडलेली जागाच धरून बसायचा. बनवणाऱ्यानं तसं खाली लिहून ठेवलं होतं. माझ्या स्वतःच्या फोनवर मी ते अनुभवलं होतं – साकोलीला पोचलो तरी नकाशा लाखांदूरच दाखवत होता. मला माहीत होतं. मावशीला फोन कशासाठी हवा आहे, हेही माहीत होतं. मग बोललो का नाही? बोललो असतो तर काम अर्धवट झालं असं म्हणावं लागलं असतं. वरून तिला शिकवलं, “मावशी, काही विचारलं की पुढे दाबायचं.”

रोवणा, म्हणजे रोपांची लावणी, होऊन धान हिरवागार झाल्यावर ती बांधीत गेली. चिखलात उभं राहून फोटो काढला. तिच्या गावाकडे नेटवर्क नव्हतंच, म्हणून फोननं जागा धरली ती शेवटची सापडलेली – माझ्या दुकानातली. ॲपनं इशारा दिला असेल – तिनं पुढे दाबलं.

तपासणीत नोंद रद्द झाली. ग्रामपंचायतीत चार लोकांसमोर तलाठ्यानं तिला नकाशा दाखवला. बसस्टँडवर बसून पीक पाहणी करता काय, असं विचारलं. ती सांगत राहिली, “मी तं बांधीतच उभी होती जी.” लोक हसले. नकाशावरचा ठिपका खोटं कशाला बोलेल? तोवर मुदत संपली होती. तिचा धान केंद्रावर गेला नाही, व्यापाऱ्याला पडेल भावात द्यावा लागला. आणि गावाला एक गंमत मिळाली – मावशी, बसस्टँडवरचा धान निसवला काय, लोंब आली काय?

पण मी सांगायला बसलो ते हेही नाही.

दुसऱ्या दिवशी ती पहिल्या एसटीनं दुकानात आली. रडत नव्हती. फोन काउंटरवर ठेवून म्हणाली, “याच्यात काही बिघाड हाये काय, पाहून दे ना बाबा. असन तं साहेबाले सांगजो.” म्हणजे तिचा अंदाज बरोबर होता. शिकलेली बाई होती ती – माझ्याच हाताखाली शिकलेली.

मी फोन उघडला. गॅलरीत तिचा त्या दिवशीचा फोटो होता. ॲपसाठी काढला त्याआधी सरावासाठी काढलेला असावा. समोर धान, बांधावरचं पळसाचं झाड, आणि खालच्या कोपऱ्यात चिखलात रुतलेले तिचे दोन पाय. वर तारीख, वेळ. तो फोटो आणि माझं एक वाक्य घेऊन तलाठ्याकडे गेलो असतो तर नोंद परत चढली असती की नाही, सांगता येत नाही. पण तिचं म्हणणं खरं ठरलं असतं.

मी फोनला केबल लावली. ती बाकावर बसून पाहत होती. मी तिच्यासमोर, अगदी शांतपणे, माझी सिस्टीम पुसली आणि कंपनीची जुनी सिस्टीम परत टाकली. त्यात फोनमधलं सगळं जातं. फोटो बाजूला काढून ठेवायला मिनिटभर पुरलं असतं – मी काढला नाही. विसरलो नाही, काढला नाही. भीती कसली होती? त्याच सिस्टीमचे आणखी आठ-दहा फोन मी विकून बसलो होतो. नाव जाईल ही भीती. एवढीच.

वीस मिनिटांनी फोन तिच्या हातात दिला आणि म्हणालो, “फोन एकदम बरोबर आहे मावशी. तुमचंच बोट कुठं लागलं असेल.” त्या क्षणी फोन खरोखरच बरोबर होता.

पुढच्या महिनाभरात बाकीचे फोनही मी ‘फुकट सर्व्हिसिंग’ म्हणून बोलावून त्यातली सिस्टीम गुपचूप बदलून दिली. लोकांनी माझं कौतुक केलं.

मावशीनं वही आणणं बंद केलं. आता मुलाला फोन लावायचा असला तरी दुकानात येते, फोन माझ्याकडे सरकवते, “तूच लाव, माह्या हाताले नाही जमत.” मी लावून देतो. पीक पाहणीला दरवर्षी शेजारच्या दोन बायांना सोबत बांधीत नेते. फोन त्या धरतात. ती नुसती उभी राहते, कुणीतरी पाहिलेलं असावं म्हणून.

मागच्या आठवड्यात आली होती. मुलाशी बोलून झालं तरी उठेना. मग म्हणाली, “एक इचारू काय? गावचे लोक इतके वेळा म्हणतेत, आता मलेच समजून नाही राहिलं. मी त्या दिवशी खरंच गेली होती काय रे बांधीत?”

चिखलात रुतलेले ते दोन पाय मला स्पष्ट आठवत होते.

मी म्हटलं, “मी कसं सांगू मावशी? मी काय तिथं होतो?”

“हे बी खरंच,” असं म्हणून ती एसटी पकडायला निघाली.