जाळ्याच्या कडेला

सुरमईचा गळ टाकला की जनाकाका दोरी तर्जनीवर धरून बसतात. सकाळपासून ती थरथरली नव्हती. एवढ्यात समोर पक्षी पाण्यावर तुटून पडले, म्हणजे खाली मासा होता. आम्ही वल्ही मारत निघालो, तर एक मोठी बोट आली आणि त्या पाण्याभोवती जाळं फिरवू लागली.

“ओरड की आता, सभेत ओरडतोस तसा,” काका म्हणाले.

मी ओरडलो. इंजिनापुढे माझं मलाच ऐकू आलं नाही. ‘समुद्र सगळ्यांचा’ असं मी मच्छीमार संघटनेच्या पत्रकांत छापत आलोय. कुठल्या सगळ्यांचा?

“एखादी सुरमई निसटेल,” म्हणत काकांनी जाळ्याच्या कडेला गळ सोडला. स्वतःच्या समुद्रात माणसाने उष्ट्याची वाट बघायची, आणि मीही दोरीकडे बघत बसलो होतो.