सुखदा का थांबली

माझी सून सुखदा डूख धरून बसते, अशी साकेतची तक्रार आहे. साकेत म्हणजे माझा मुलगा, तिचा नवरा. स्वभावाने इतका गरीब की ऑटोवाल्याने लांबून फिरवून आणलं तरी त्यालाच ‘थँक यू’ म्हणून उतरतो. त्याला जी तक्रार वाटते तो मला तिचा गुण वाटतो. घरात कुणीतरी एकाने डूख धरायला हवाच, आणि माझं आता वय झालं.

मी जन्मापासून करोल बागेतली. पहाडगंजला मराठी शाळेत गणित शिकवलं आणि निवृत्त झाले. सुखदा पुण्याची. लग्न होऊन दिल्लीत आली, गुडगावच्या एका कंपनीत एचआरमध्ये आहे. दिवसभर लोकांची भांडणं मिटवते आणि पहाटे उठून धावते. धावते म्हणजे बागेत दोन चकरा मारून बाकावर टेकणाऱ्यांसारखं नाही. डोंगरातून, दगडधोंड्यांतून, पन्नास पन्नास किलोमीटर. ‘कोणी मागे लागलंय का गं तुझ्या?’ असं मी सुरुवातीला विचारायचे. ती म्हणायची, ‘कोणी लागलेलं नाही, म्हणून तर मजा येते, आई.’

तिच्या ग्रुपचा कॅप्टन नीरज. आमच्यासारखाच दिल्लीतला जुना मराठी, गणपतीत मंडळात ओळख झालेली. त्यानेच सुखदाला ग्रुपमध्ये घेतलं. बाकी सगळे पंजाबी, बनिये, एक-दोन बंगाली. रविवारी हिंदूराव हॉस्पिटलमागच्या रिजवर, म्हणजे त्या जंगली टेकडीवर, धावायचे आणि नीरज परस्पर आमच्याकडे यायचा. ‘काकू, थालीपीठ!’ अशी जिन्यातूनच आरोळी. लोण्याचा गोळा मागून घ्यायचा वर. मीही कौतुकाने वाढत होते. ते लोणी आठवलं की आजही माझा जीव जळतो.

मागच्या वर्षी फेब्रुवारीत गुडगावच्या पलीकडे, अरवलीत, त्यांची मोठी शर्यत होती. या डोंगरातल्या शर्यतींचा एक रिवाज आहे. कोणी पडलं तर जो पहिला पाठून येईल त्याने थांबायचं, मदत येईपर्यंत. मग त्याचा नंबर जावो नाहीतर राहो. कुठे लिहिलेलं नसलं तरी सगळे पाळतात, कारण त्या बाभळींच्या रानात दुसरं असतं कोण?

उतारावर सुखदाचा पाय दोन दगडांत अडकला आणि काडी मोडावी तसा आवाज आला. पावलाच्या बाहेरच्या कडेचं हाड. ती तिथेच बसली. पाठून नीरज आला. तो बाजूने निघून जायला लागला तेव्हा ही ओरडली, ‘नीरजदादा, थांबा! माझा पाय मोडलाय!’ मराठीतच ओरडली. दुखायला लागलं की माणूस आपल्याच भाषेत ओरडतं, आणि ती समजणारा त्या रानात तो एकटाच होता. त्याने वळून पाहिलं. मग पुढे बघून पळत सुटला. त्याच्या वयोगटात त्याला तिसरा नंबर मिळत होता ना!

खूप वेळाने एक वयस्क सरदारजी आले, सगळ्यांत मागे रमतगमत चालणारे. ते थांबले, डोक्यावरची पगडी सोडून तिच्या कापडाने सुखदाचा पाय बांधला. तोपर्यंत नीरजने गळ्यात पदक घालून फोटो टाकला होता.

ऑपरेशन झालं, हाडात स्क्रू बसला. नीरज घरी बघायला आला, चिकू घेऊन. खुर्चीवर बसला आणि म्हणाला, ‘अगं, मला काही कळलंच नाही. आवाज आला, पण मला वाटलं मोर ओरडला.’

मोर! मी समोरच उभी होते. दिल्लीत दारात आलेल्याला आधी पाणी विचारतात. मी विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा जमलं मला ते.

सुखदा म्हणाली, ‘दादा, तुम्ही वळून पाहिलंत.’

‘दुखत असताना भास होतात गं,’ तो म्हणाला. ‘आणि खरं सांगू? ते बूटच चुकीचे होते तुझे. मी बोललो होतो.’

हीच गोष्ट त्याने ग्रुपवर हिंदीत लिहिली, मोरासकट. सगळ्यांनी हसण्याची चित्रं टाकली. कोणी एकाने तर लिहिलं, लेडीज लोग थोडा ड्रामा करते हैं. साकेत म्हणाला, ‘चलो, जाऊ दे ना आता.’ सुखदाने ग्रुप मात्र सोडला नाही. मी विचारलं तर म्हणाली, ‘आई, मला त्याचा नंबर नको, माफी नको. त्याने सगळ्यांसमोर म्हणायला पाहिजे की पाहिलं आणि थांबलो नाही. बस.’

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. प्लॅस्टरमध्ये असताना ती जिना बसून चढायची, एकेक पायरी मागे सरकत. शेजारच्या चड्ढांनी उचलून न्यायला मुलं पाठवली तर परत पाठवली त्यांना. प्लॅस्टर निघालं तेव्हा पाय वाळक्या शेवग्याच्या शेंगेसारखा झाला होता. फिजिओथेरपिस्टने सांगितलं, जमिनीवर टॉवेल पसरा आणि पायाच्या बोटांनी गोळा करा. हिने टॉवेल नाही घेतला. कपाटातून ग्रुपचा टी-शर्ट काढला. त्याच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, ‘कोई पीछे नहीं छूटेगा’. रोज सकाळ-संध्याकाळ ती ते वाक्य बोटांनी चुरगाळायची. दात-ओठ खाऊन. कधी कधी डोळ्यांतून पाणी यायचं, दुखण्याचं की रागाचं ते मी विचारलं नाही. मी टी-शर्ट पुन्हा पसरून द्यायचे.

मे महिन्याच्या उन्हात ती गच्चीवर त्याच एका पायावर उभी राहायची. पावसाळ्यात चालायला लागली. दिवाळीनंतर हवेत धूर भरला, समोरची इमारत दिसेना, तेव्हा जिममध्ये पट्ट्यावर धावली, मी शेजारी खुर्ची टाकून बसायचे. कंटाळली की मी फक्त ‘मोर’ म्हणायचे. लगेच पट्ट्याचा वेग वाढायचा. साकेत म्हणायचा, ‘आई, तू तिला भडकवतेस यार.’ बिल्कुल भडकवत होते.

या फेब्रुवारीत पुन्हा तीच शर्यत. धावणाऱ्यांच्या घरच्यांना पाण्याच्या स्टॉलवर उभं करतात. मी हट्टाने त्याच उताराच्या पायथ्याचा स्टॉल मागून घेतला. उकडलेले बटाटे, मीठ, संत्री मांडून बसले. सुखदा बायकांमध्ये पुढे होती. आणि तिच्या पुढे, दिसेल इतक्या अंतरावर, नीरज. मला वाटलं, आता ती त्याला माझ्या डोळ्यांसमोर मागे टाकणार. वर्षभर याचीच तर वाट बघितली होती.

तो उतरायला लागला आणि घसरला. घोटा आत वळला, बसकण मारली ती उठताच येईना. मी प्रामाणिकपणे सांगते, मला आनंद झाला. असा आनंद मला नातवंड झाल्यावरही होईल की नाही कोण जाणे.

सुखदा वरून येत होती. मी खालून ओरडले, ‘थांबू नकोस! पुढे ये!’

ती त्याच्यापाशी आली. त्याच्याकडे पाहिलं. आणि चक्क मांडी घालून बसली.

मला काही सुधरेना. पाण्याची बाटली घेऊन मी धापा टाकत वर चढले. वाटलं, पुण्याच्या माहेरचे संस्कार नेमके आत्ताच आडवे आले! मी पोचले तेव्हा नीरज तिला विनवत होता, ‘सुखदा, तू जा ना. तुझा नंबर जाईल. मी बघतो माझं.’

‘नाही, दादा. रिवाज आहे. पहिली मी आले.’

‘अगं, स्टॉलवाल्यांनी फोन केलाय. जीप येतेय.’

‘मग येईपर्यंत बसते.’

एक बाई पळत आली. ‘सब ठीक?’

‘हां, मैं रुकी हूं इनके लिए. आप जाओ,’ सुखदा म्हणाली. ती बाई गेली. सुखदाचा नंबरही तिच्याबरोबर गेला. मग दुसरी आली, तिलाही हेच सांगितलं. प्रत्येक वेळी आवाज आणखी गोड, आणि नीरजची मान आणखी खाली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती त्याची सोबत करत नव्हती. तो पडलाय आणि ती थांबलीय, हे सगळ्यांना दाखवत होती.

ग्रुपमधले चौघे-पाच जण आले. ते पुढे निघाले तर हिने हात वर केला. ‘एक मिनिट. नीरजदादा को कुछ कहना है.’ एचआरमध्ये मीटिंग बोलवावी तशी.

नीरज माझ्याकडे बघायला लागला, काकू काहीतरी करतील म्हणून. मी बाटलीचं झाकण लावत बसले.

तो हळूच मराठीत म्हणाला, ‘चुकलं माझं. पाहिलं होतं मी तुला.’

‘मराठीत नको,’ सुखदा म्हणाली. ‘मराठीत मी हाक मारली होती. मोराची गोष्ट तुम्ही हिंदीत सांगितलीत. आता हेही हिंदीत सांगा. मोठ्याने.’

नीरजचा चेहरा लालबुंद झाला होता.

‘पिछले साल,’ तो म्हणाला, ‘सुखदा यहां गिरी थी. मैंने देखा था. उसने आवाज़ भी दी थी. मैं रुका नहीं.’

‘और मोर?’ तिने विचारलं.

‘मोर नहीं था.’

ग्रुपवर ते ‘ड्रामा’ लिहिणारा त्यांच्यातच उभा होता. तो बुटाची नाडी बांधायला वाकला, नाडी बांधलेलीच होती. मग एक मुलगी खाली बसली आणि नीरजला म्हणाली, ‘भैया, अब मैं रुकती हूं.’ सुखदा माझा हात धरून उठली. बसून बसून तिचाही पाय आखडला होता. थोडं लंगडली, मग उतारावरून धावत निघून गेली.

पदक मिळालं नाही. कितव्या नंबरावर आली ते तिने विचारलंसुद्धा नाही. घरी आल्यावर साकेत म्हणाला, ‘मग कशाला थांबलीस? सरळ पुढे जायचंस ना, त्याच्यासारखं!’ माझ्याही मनात तेच होतं.

सुखदा पायावर बर्फ धरून बसली होती. म्हणाली, ‘गेले असते तर तो म्हणाला असता, झाली फिट्टंफाट. आता त्याला तसं कधीच म्हणता येणार नाही.’