सलालातलं सुतक

माझ्या मूर्खपणाचे किस्से ढिगाने आहेत, पण हा एक सांगताना मला दोनदा थांबावं लागतं. एकदा तुम्ही हसता म्हणून, आणि एकदा मला पाणी प्यायचं असतं म्हणून. तेव्हा चहा ओतून घ्या, मधे उठू नका.

आंध्र आणि तेलंगण वेगळे झाले त्या दिवसांतली गोष्ट. मी सरकारी नोकर, हैदराबादच्या अंबरपेठेत लहानाचा मोठा झालेला. बायको जाऊन चार वर्षं झालेली, निवृत्तीला तीन उरलेली. कोणाला कुठल्या राज्यात जायचंय हे विचारणारा अर्ज ऑफिसात सगळ्यांकडून भरून घेतला होता. मी अर्थातच तेलंगण लिहिलं. पण वाटणीची यादी काही लागेना. रोज सकाळी ऑफिसात एकच विषय, तू इकडे की तिकडे? शेवटी माझी मुलगी सीमा फोनवर म्हणाली, "बाबा, यादी लागायची तेव्हा लागेल. तुम्ही महिनाभर इकडे या."

इकडे म्हणजे सलाला. ओमानमध्ये समुद्रकाठी आहे. जावई मकरंद तिथे बंदरावर नोकरीला. बाकीचं अरबस्तान भाजून निघत असतं तेव्हा या एका पट्ट्यात धुकं, भुरभुर पाऊस, हिरवे डोंगर. रस्त्याच्या कडेला शहाळी आणि केळी विकायला बसलेले लोक. पहिले आठ दिवस मी गॅलरीत बसून नुसता समुद्र बघितला. इतकं सुख मला सोसत नाही हे तेव्हाच ओळखायला हवं होतं.

आता मधे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या घराण्यात कोणी गेलं, की लांबच्या माणसाला "गेले" असं कधी सांगत नाहीत. "थोडं बरं नाही, या" एवढंच सांगतात. माणूस प्रवासात एकटा कोसळू नये म्हणून. ऐकणाराही समजतो, काही विचारत नाही, पिशवी भरतो आणि निघतो. आणि हे फोन करायचं काम पंचवीस वर्षं माझ्याकडे. माझा आवाज म्हणे कशानेच हलत नाही.

तर नवव्या दिवशी हैदराबादहून प्रशांतचा फोन आला. प्रशांत म्हणजे माझा पुतण्या, थोरल्या भावाचा मुलगा. सीमा फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली, दार लोटलं. बाहेर आली तेव्हा डोळे लाल.

"काय गं?"

"काही नाही, कांदा चिरत होते."

त्या दिवशी घरात साबुदाण्याची खिचडी होती.

संध्याकाळी मी तेलुगू बातम्या लावायला गेलो तर मकरंदने रिमोट काढून घेतला. "बाबा, चॅनलचे पैसे भरायचे राहिलेत." रात्रीच्या जेवणाला माझ्या पानात गोडाचा शिरा, न मागता. माझा मोबाईल चार्जिंगला म्हणून नेला तो परतच येईना.

मी म्हटलं, "दादाला फोन लाव जरा."

दादा म्हणजे हाच थोरला भाऊ. घरात त्याला सगळेच दादा म्हणत, पोटचा मुलगासुद्धा. वय पंच्याहत्तर, दोनदा छातीत दुखून दवाखान्यात राहून आलेला. आमचे वडील लवकर गेले. मला शाळेत घातलं, नोकरीला लावलं, माझं लग्न केलं, सगळं त्यानेच.

सीमाने मकरंदकडे बघितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "दादाकाकांना थोडं बरं नाहीये बाबा. नंतर बोलू."

संपलं. तुम्हीच सांगा, पंचवीस वर्षं जे वाक्य मी दुसऱ्यांना ऐकवलं, ते मला कळणार नाही?

मी काही विचारलं नाही. विचारायची रीतच नाही. पोरं बिचारी मला दुःख होऊ नये म्हणून धडपडताहेत, तर आपणही त्यांना कळू द्यायचं नाही असं ठरवलं. त्या दिवसापासून मी गुपचूप सुतक धरलं. देवाला हात लावला नाही. शिरा बेसिनमध्ये गेला. खाली सतरंजी टाकून झोपलो. सीमाने विचारलं तर म्हणालो, पाठ दुखतेय. भिंतीकडे तोंड करून खूप रडलो. क्रियाकर्म प्रशांत करेलच, पण बापासारखा भाऊ गेला आणि आपण इथे शहाळी पीत बसलोय, हे मला सहन होईना.

तिसऱ्या दिवशी फिरायला जातो म्हणून निघालो तो थेट न्हाव्याच्या दुकानात. न्हावी निघाला हैदराबादचाच, दिलसुखनगरच्या मागे राहणारा.

"पूरा निकाल दो," मी म्हटलं. "मूंछ भी."

तो थांबला. "क्या हुआ चच्चा, कौन गुजर गए?"

"बड़े भाई."

"अल्ला. कब?"

"वो अभी बताए नइं मेरेकु."

"कौन नइं बताए?"

"घर वाले."

"फिर आपकु कैसा मालूम?"

"नइं बताए, इसीच वास्ते मालूम."

त्याने आरशातून माझ्याकडे बराच वेळ बघितलं, आणि वस्तरा फार जपून चालवला.

तिथून समुद्रावर. त्या दिवसांत तिथला समुद्र खवळलेला असतो, पाण्यात उतरायला बंदी. मी कडेलाच बसून लोटाभर पाणी डोक्यावर घेणार होतो. लोटा म्हणजे सीमाचा बाथरूममधला निळा मग, पिशवीतून आणलेला. पहिल्याच लाटेने मग नेला, दुसरीने चप्पल. रखवालदार शिट्टी मारत धावत आला आणि मला बखोट धरून वर ओढलं. त्याला हिंदी कितपत कळत होतं देव जाणे. मी हात जोडून "बड़े भाई, बड़े भाई" म्हणत होतो. त्याला वाटलं आणखी एक जण पाण्यात आहे. तो बिचारा कमरेपर्यंत पाण्यात जाऊन दादाला शोधत होता.

घरी पोचलो. गुळगुळीत डोकं, मिशी नाही, अंगावरून पाणी गळतंय, पाय अनवाणी. सीमाच्या हातातलं ताट खाली पडलं.

"बाबा, हे काय?"

"मला सगळं कळलंय," मी म्हटलं. "तुम्ही नका लपवू आता."

तिने खुर्चीवरचा टॉवेल माझ्या हातात दिला. "कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं?"

"अहो पण म्हणून डोकं भादरायचं? अपील करता येतं बाबा. मुदत आहे अजून."

"अपील? कोणाकडे करायचं?"

"कमिटी आहे ना. मकरंद म्हणतो बरेच जण परत आलेत."

मला तिच्या डोक्याची काळजी वाटायला लागली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हटलं, "बेटा, गेलेलं माणूस परत येत नाही."

"का नाही येणार? विजयवाड्याहून सहा तास लागतात."

मग हळूहळू उलगडा झाला. यादी लागली होती. माझं नाव आंध्रात होतं, विजयवाड्याला. ऑफिसातल्या कोणीतरी प्रशांतला सांगितलं, प्रशांतने सीमाला. बाबांची सुट्टी नासायला नको म्हणून बातम्या बंद, मोबाईल बंद. आणि दादाशी बोलू देत नव्हते, कारण दादाच्या पोटात गोष्ट राहत नाही, त्याने फोन उचलताच सगळं ओकलं असतं. त्याला बरं नव्हतं हे मात्र खरं. सर्दी झाली होती.

लगेच फोन लावला. दादाचा शेंबडा आवाज ऐकला आणि मी पुन्हा रडलो. सीमाने सगळं सांगितलं, अगदी रखवालदारासकट.

दादा हसून हसून खोकला. मग म्हणाला, "अरे हौल्या, मूर्खा, माझं सुतक पाळलंस? किती दिवस?"

"तीन."

"मग उरलेले सात पाळून टाक की. जमा राहतील. रडलास का?"

"थोडं."

"थोडंच?"

मी नाक ओढलं.

मग तो गंभीर झाला. "हे बघ, मी सगळ्यांना बजावून ठेवतो. माझं काही झालं तर तुला सरळ सांगायचं, काय झालंय ते. आणि तू पण उगाच अर्थ काढत बसू नको. बरं नाही म्हटलं तर बरं नाही, बस."

मी कबूल झालो. इतकी फजिती झाल्यावर कोण होणार नाही? हैदराबादला परतल्यावर टकलावर रुमाल बांधून दोन आठवडे फिरलो. हिमायतनगरपर्यंत किस्सा पोचला होता. दादा येईल त्याला सांगायचा, हा बघा, माझं सगळं उरकून आलेला.

अपिलाचं काही झालं नाही. मी विजयवाड्याला रुजू झालो, एक खोली घेतली.

पुढच्या वर्षी एका गुरुवारी सकाळी प्रशांतचा फोन आला. "काका, दादांना थोडं बरं नाहीये. जमलं तर या."

मी मनात म्हटलं, बघ, आता उगाच अर्थ काढायचा नाही. मी अगदी शांतपणे म्हणालो, "औषध वेळेवर द्या. मी शनिवारी येतो."

प्रशांतने "शनिवारी?" असं एकदा विचारलं. मग म्हणाला, "बरं काका. तसं करू मग."

दादाने सगळ्यांना बजावलं होतं हे खरं. पण बजावणाराच गेला होता, आणि पोराच्या तोंडून दुसरं वाक्य निघालं नाही. मला कळलंय आणि तरी मी शनिवार म्हणतोय, असं त्याला वाटलं. मी तिकडे स्वतःवर खूष होतो. शुक्रवारी ऑफिसात एकाच्या बढतीची जिलबी होती, दोनदा घेतली.

शनिवारी दुपारी अंबरपेठेत पोचलो, हातात आजाऱ्यासाठी मोसंबी. दारात चपला फार होत्या. आत वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला काही विचारावं लागलं नाही.

वहिनींनी माझ्या हातातली पिशवी घेतली. माझी लाज राखायची म्हणून सगळ्यांच्या देखत त्यांनीच विचारलं, "भाऊजी, रजा नाही ना मिळाली?"

मी म्हटलं, "नाही मिळाली."

मागितलीच नव्हती, हे मी आज पहिल्यांदा सांगतोय.