चिंचेच्या कोळशातून गाळलेलं पाणी

अक्काचे गुडघे आखडले तेव्हा सगळे म्हणाले, वय झालं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, लोह्याजवळच्या खेड्यात दिलेली. पण तिच्या गल्लीत तिच्याहून लहान बायकाही भिंतीला धरून उठत होत्या, लेकरांच्या दातांवर तपकिरी पट्टे होते. मी नांदेडच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. तिच्या बोअरचं पाणी बाटलीत भरून आणलं, त्यात तपासणीचं लाल औषध टाकलं. चांगलं पाणी त्यात गुलाबी राहतं; हे पिवळं झालं. दात आणि हाडं धरणारं फ्लोराइड भरपूर होतं.

तेव्हापासून माझे रविवार गेले. चिंचेची टरफलं बंद डब्यात जाळायची, कोळसा कुटायचा, तुरटीच्या पाण्यात भिजवून वाळवायचा, परत परत धुवायचा आणि तळाला तोटी बसवलेल्या बादलीत भरायचा. प्रयोगशाळेत कोळशानं फ्लोराइड चांगलं ओढलं. अक्काच्या घरी आठवड्यात थकला. तिथलं पाणी फारच क्षारांचं. शिवाय बादलीतून दिवसाला जेमतेम एक कळशी गळायची.

"कोळशाचा वास येतोय," भाऊजी म्हणाले आणि बोअरचंच पाणी प्यायले.

अक्काची सून तेव्हा पोटुशी होती. अक्कानं मला चुलीपाशी बसवून सांगितलं, "हे पाणी तिलाच राहू दे. माझं काय, माझी हाडं तर झालीच की लाकडं."

मी वाद घातला नाही. एका कळशीत दोघींचं भागत नव्हतं, हे मला कळत होतं.

पुढच्या खेपेला कोळसा बदलायचा की नाही हे बघायला मी गाळलेलं पाणी तपासलं. तुलनेसाठी अक्काच्या उशाच्या तांब्यातलंही घेतलं. ते पिवळं व्हायला हवं होतं. गुलाबीच राहिलं. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. परत केलं, तरी तेच.

सून दारात उभी होती. तिनं खूण करून मला मागच्या अंगणात बोलावलं.

"मावशी, अर्धं मीच वतते आत्याच्या तांब्यात. सांगू नका. कळलं तर पिणार न्हाईत."

"आणि तुला कमी पडतं त्याचं?"

"शेजाऱ्यांच्या शेतातल्या आडाचं आणते. तुम्हीच म्हणाल्ता न्हवं, ते बरं हाय?"

म्हणाले होते खरी, एकदा, बोलता बोलता. तो आड लांब होता, आणि तिला सातवा महिना होता.

मी अक्काला काही सांगितलं नाही. घरी येऊन दुसरी बादली तयार केली. हात काळे, पाठ मोडलेली, सोमवारचे तास तसेच उभे.

सुनेला मुलगी झाली. ती आता मोठी झाली; शाळेच्या मोठ्या सुट्टीत कधी कधी तीच टरफलं जाळते, मला फोनवर विचारत. अक्काचे गुडघे सुटले नाहीत, सुटणारही नाहीत. हाडात गेलेलं कुठला कोळसा ओढून काढणार? परवा अक्कानं विचारलं, "लई दमलीस का गं?"

हाव, म्हटलं. ती सरकली, मी तिच्या बाजेवर आडवी झाले.